ठिगळ शाबूत, पण शेजारीच नवा तडा: सळई पुन्हा का गंजते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्लॅबच्या खालच्या अंगाचे काँक्रीट दोन वर्षांपूर्वी ढलपी सुटून पडले आणि गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. कंत्राटदाराने तेवढा भाग वायर ब्रशने घासला, सळयांना रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचे रसायन) लावले, पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरले आणि वरून रंग दिला. ते ठिगळ आजही घट्ट आहे. पण त्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर, त्याच सळईच्या रेषेत, नवा तडा आला आहे. बाल्कनीच्या स्लॅबखालीही तपकिरी डाग दिसू लागले आहेत. माल हलका होता का आणि या वेळी इपॉक्सी मॉर्टर (सिमेंटऐवजी राळेने घट्ट होणारा माल) वापरावे का, असे तुम्ही विचारता.

आधी बाल्कनीचे बघू, कारण तिथे वाट पाहणे बरे नाही. बाल्कनी नुसती भिंतीतून पुढे आलेली, समोरून आधार नसलेली असेल, तर तिच्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात. खालून तुम्हाला जो गंज दिसतो तो बहुधा दुय्यम सळयांचा. भार पेलणाऱ्या सळया लादीखाली, दाराच्या उंबऱ्यापाशी आणि भिंतीलगत असतात, आणि पाणी मुरते तेही नेमके तिथेच. म्हणजे खालचे डाग किरकोळ असूनही वरची सळई निम्मी उरलेली असू शकते. अशी बाल्कनी कोसळण्याआधी वाकून इशारा देईलच असे नाही. कुंड्या, टाकी, जड सामान आजच काढा, वापर बंद करा आणि टेकू लावून घ्या. टेकू खालच्या बाल्कनीवर सोडून देऊ नका, तीही तितकीच गंजलेली असू शकते. तो प्रत्येक मजल्यातून सलग जमिनीपर्यंत न्यावा लागतो. शिवाय टेकू फक्त टेकेल इतकाच घट्ट करायचा. ठोकून स्लॅब वर उचलला तर ज्या अंगाला सळया कमी आहेत त्या अंगाला ताण येतो आणि नवीन तडे जातात. पुढचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरने लादी उखडून, वरची सळई उघडी करून, मोजमाप घेऊनच करावा.

आता मूळ प्रश्न. माल हलका होता असे तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. हलक्या मालाचे ठिगळ स्वतःच सुटते किंवा त्याच्या सांध्याला फट पडते. तुमचे ठिगळ टिकले आहे आणि गंज शेजारी सरकला आहे. म्हणजे दुरुस्ती दिसणाऱ्या खड्ड्याची झाली, गंजाच्या कारणाची झाली नाही. ते कारण कोणते, हे न तपासता पुन्हा काहीही भरले तरी आणखी दोन-तीन वर्षांनी पुढच्या वितीवर हेच होईल.

चांगल्या काँक्रीटमधली सळई खरे तर गंजत नाही, मग काँक्रीट ओले असो की कोरडे. सिमेंटच्या रंध्रांतल्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप, साधारण १२.५ ते १३.५ असतो. इतक्या अल्कलीत लोखंडावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो आणि तोच सळईला जपतो. गंज सुरू व्हायचा तर हा थर मोडावा लागतो, आणि तो दोन वाटांनी मोडतो.

पहिली वाट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. तो काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच ९ च्या खाली घसरतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते पृष्ठभागापासून आत सरकते, पण एकसारख्या वेगाने नाही. त्याची खोली ढोबळमानाने वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा २५ वर्षांच्या इमारतीत ते २० मिमी आत गेले आहे. मग त्याच काँक्रीटमध्ये १० मिमी कव्हर (सळईवरच्या काँक्रीटची जाडी) असलेल्या सळईपाशी ते सहा-सव्वासहा वर्षांतच पोचले होते, आणि ३० मिमी कव्हरपर्यंत जायला त्याला ५६ वर्षे लागतील. कव्हर निम्मे झाले की आयुष्य निम्मे होत नाही, पाव होते. काँक्रीट ओतताना कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) सरकले किंवा सळयांच्या जाळीवरून माणसे चालली, तर खालची सळई सेंटरिंगला, म्हणजे खालच्या तात्पुरत्या साच्याला, जवळपास टेकते. स्लॅबचा एखादाच पट्टा आधी फुटतो तो बहुतेकदा याच कारणाने.

दुसरी वाट क्लोराइडची, म्हणजे मिठातल्या एका घटकाची. ते समुद्राच्या खाऱ्या हवेतून येते, खाऱ्या पाण्यातून किंवा न धुतलेल्या वाळूतून मूळ मिश्रणातच येते, किंवा बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठातून मुरते. क्लोराइड पीएच उतरायची वाट पाहत नाही. सळईपाशी ते पुरेसे साठले की संरक्षक थराला जागोजाग भोके पडतात. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के ही सर्वत्र वापरली जाणारी ढोबळ मर्यादा आहे, पण ती पक्की रेघ नव्हे. काँक्रीट कार्बोनेट झालेले असेल तर सिमेंटने धरून ठेवलेले क्लोराइड मोकळे होते आणि त्याहून कमी प्रमाणही पुरते. शिवाय या अभिक्रियेत क्लोराइड खर्च होत नाही. ते लोखंडाला विरघळायला लावते, खड्ड्यातले पाणी आम्लधर्मी करते आणि पुन्हा मोकळे होऊन कामाला लागते.

दोन्ही वाटांनी होणारा गंज दिसायला वेगळा असतो. कार्बोनेशनचा गंज सळईभर पसरतो, लोखंड फुगते, कव्हर फुटते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट भरते, त्यामुळे सळईची केसाच्या जाडीइतकीही झीज झालेली नसते तेव्हाच अनेकदा पहिला बारीक तडा दिसतो. तडा लवकर दिसला ही त्या अर्थाने बरी गोष्ट. क्लोराइडचा गंज मात्र एकाच जागी खोल खड्डा पाडतो. काँक्रीट ओलेचिंब असेल, हवा कमी पोचत असेल, तर हा गंज काळपट आणि चिकट असतो, फार फुगत नाही, आणि बाहेर खूण दिसण्याआधीच सळई त्या जागी बारीक झालेली असते.

आता ठिगळाच्या शेजारीच तडा का, ते. गंज म्हणजे एक छोटी बॅटरी असते. सळईच्या एका भागावर लोखंड विरघळते, तो ॲनोड. तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन सळईतूनच दुसऱ्या भागाकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याशी मिळून खर्च होतात, तो कॅथोड. मंडल पुरे होते ते ओल्या काँक्रीटमधून. तुमच्या सळईचा फुटलेला भाग इतकी वर्षे ॲनोड होता. तो स्वतः गंजत होता आणि शेजारच्या भागाला कॅथोड बनवून वाचवत होता. तुम्ही तिथले जुने काँक्रीट काढून ताजे, भरपूर अल्कली असलेले मॉर्टर भरले. ती जागा सुरक्षित झाली. पण शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड होतेच, आणि त्या भागाला वाचवणारा ॲनोड आता उरला नाही. उलट ठिगळातली स्वच्छ सळई कॅथोड होऊन शेजारचा गंज वाढवूही शकते. म्हणून नवा तडा ठिगळाच्या कडेबाहेर, काही सेंटीमीटरपासून वीतभर अंतरावर येतो.

पण तुमच्याकडे हेच घडले असे मी छातीठोक सांगणार नाही. क्लोराइड नसेल आणि नुसते कार्बोनेशन असेल, तर साधे कारणही पुरेसे आहे: शेजारची सळईही तेव्हाच गंजलेली होती, फक्त तिच्यावरचे काँक्रीट अजून पडले नव्हते, आणि कंत्राटदार पडलेल्या भागाच्या कडेलाच थांबला. या दोन शक्यतांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी तपासणी.

तपासणीतले पहिले हत्यार म्हणजे साधा हातोडा. पूर्ण स्लॅब फूटभर अंतराने वाजवत जायचे. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले बद्द वाजते. बद्द वाजणाऱ्या भागाभोवती खडूने रेघ ओढा. डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानीपेक्षा ही हद्द बहुतेक वेळा बरीच मोठी निघते. तड्याची दिशाही पाहा. सळईच्या रेषेत धावणारा तडा गंजाचा. सळईला आडवा गेलेला तडा बहुधा वाकण्याचा किंवा आकसण्याचा. बीम आणि कॉलममध्ये मात्र फसायला होते. तिथे सर्वांत बाहेर रिंगा (मुख्य सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया) असतात, त्या आधी गंजतात, आणि ठराविक अंतरावर आडवे तडे दिसतात.

मग कार्बोनेशन. काँक्रीटचा छोटा तुकडा ताजा फोडा, धूळ फुंकून काढा आणि फोडलेल्या अंगावर १ टक्का फिनॉल्फथॅलीनचे अल्कोहोलमधले द्रावण फवारा. अल्कली शिल्लक असलेला भाग गडद गुलाबी होतो, कार्बोनेट झालेला भाग रंग घेत नाही. पृष्ठभागापासून गुलाबी रेघेपर्यंतचे अंतर मोजा आणि सळईच्या कव्हरशी ताडून पाहा. ही चाचणी वर्षापूर्वी फोडलेल्या अंगावर किंवा ड्रिलच्या भोकात धूळ तशीच ठेवून केली तर उत्तर चुकते. जुने अंग हवेने कार्बोनेट झालेले असते, आणि भोकातली आतली पूड बाहेरच्या भागालाही गुलाबी करते.

क्लोराइडसाठी ड्रिलने पूड काढून प्रयोगशाळेत द्या, पण सगळी एकाच पिशवीत नको. ० ते १०, १० ते २०, २० ते ३० मिमी अशा थरांची पूड वेगवेगळी ठेवा. प्रमाण बाहेर जास्त आणि आत कमी होत गेले तर क्लोराइड बाहेरून आले आहे. सर्व खोलींवर सारखे निघाले तर ते मूळ मिश्रणातच होते, आणि मग पूर्ण स्लॅब संशयित. एकूण खर्चाचा आराखडा या एका उत्तराने बदलतो, म्हणून ही चाचणी गाळू नका.

शक्य असेल तर हाफ-सेल पोटेन्शियलही (काँक्रीटच्या पृष्ठभागावरून मोजलेला सळईचा विद्युत दाब) मोजून घ्या. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने घेतलेले वाचन उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज चालू नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, उणे ३५० पेक्षा अधिक ऋण असेल तर गंज चालू असण्याची शक्यता तेवढीच, आणि मधल्या पट्ट्यात सांगता येत नाही, असा अमेरिकी मानकातला संकेत आहे. कार्बोनेट झालेल्या कोरड्या काँक्रीटला तो आंधळेपणाने लावू नये. मी एकेका आकड्यापेक्षा नकाशा पाहतो: जिथे थोड्याच अंतरात वाचन झपाट्याने बदलते तिथे ॲनोड आहे. तुमच्या ठिगळाच्या कडेने असा उतार दिसला तर वर सांगितलेली बॅटरीची शक्यता बळकट होते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी वरून येणारे पाणी बंद करा. गळती चालू ठेवून खालून घट्ट, बाष्प न सोडणारा रंग देणे म्हणजे ओल आत कोंडून सळईला पाणी पाजणे. कार्बोनेशनच्या गंजात नुसते कोरडे होण्याने फार फरक पडतो. काँक्रीट खरेच कोरडे राहिले तर गंज जवळजवळ थांबतो. क्लोराइड असेल तर इतके सोपे नाही, कारण ते स्वतःच हवेतली ओल धरून ठेवते.

आता फोडकाम. बहुतेक ठिगळांचा निकाल इथेच लागतो, म्हणून जरा तपशिलात. सळईचा पुढचा अर्धा घेर उघडा करून थांबायचे नाही. सळईच्या मागेही किमान २० मिमी जागा मोकळी करायची, म्हणजे बोट सळईमागून सहज फिरले पाहिजे. मागचा अर्धा घेर जुन्याच काँक्रीटमध्ये राहिला, तर एकाच सळईच्या पोटाला ताजे मॉर्टर आणि पाठीला कार्बोनेट किंवा क्लोराइडचे काँक्रीट अशी जोडी बनते, आणि गंज पाठीकडून पुन्हा सुरू होतो. सळईच्या लांबीवर फोडत जाताना गंज संपला की लगेच थांबू नका, पुढे ५० मिमी तरी स्वच्छ सळई दिसली पाहिजे. कडा कटरने साधारण १० मिमी खोल, सरळ आणि काटकोनात कापा. निमुळत्या कडेला मॉर्टरचा थर कागदासारखा पातळ होतो आणि तिथूनच सुटतो. फोडायला हलका हातोडा किंवा हलके मशीन घ्या. जड ब्रेकरने उरलेल्या काँक्रीटमध्ये बारीक भेगा पडतात आणि हादऱ्याने सळईची पकड सुटते. कॉलमची सळई उघडी करायची असेल तर एका वेळी एकच बाजू, टेकू लावून आणि इंजिनिअरच्या सांगण्यानेच. स्लॅबमध्ये ताण दिलेल्या केबल असतील तर मशीन लावूच नका.

सळई उघडी झाली की तिचा व्यास मोजा. गंज घासून काढल्यानंतर, कॅलिपरने, सर्वांत बारीक जागी. डोळ्यांना क्षुल्लक वाटणारा एक मिलिमीटर लहान सळईत फार महाग पडतो. ८ मिमीची ७ झाली की क्षेत्रफळ २३ टक्के घटते, १२ ची ११ झाली तर १६ टक्के, २५ ची २४ झाली तर फक्त ८ टक्के. नवी सळई कधी जोडायची हे तिच्या जागेवरील भारावर अवलंबून आहे, पण घट १० टक्क्यांच्या पुढे गेली की इंजिनिअरला गणित करायला लावा. नवी सळई जुनीच्या बाजूला पुरेसा लॅप देऊन, म्हणजे दोन्ही सळया पुरेशा लांबीवर शेजारी-शेजारी ठेवून, बांधावी. वेल्डिंग टाळा, उष्णतेने आजच्या अनेक सळयांची ताकद उतरते.

साफसफाई वायर ब्रशने पुरी होत नाही. ब्रश गंजाला चकाकी आणतो, खड्ड्यातला गंज तसाच ठेवतो. सॅंड ब्लास्टिंग किंवा ग्रिट ब्लास्टिंग उत्तम, ते शक्य नसेल तर मशीनवरचे वायर व्हील. सळईची पाठ छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन तपासा, कारण तिथे हात पोचतो पण नजर पोचत नाही. क्लोराइड असेल तर त्यानंतर जोराच्या स्वच्छ पाण्याने खड्डे धुवा. रस्ट कन्व्हर्टरवर माझा भर नसतो. ते गंजाचा वरचा थर बदलते, जाड पापुद्र्याच्या तळाशी पोचत नाही, आणि खड्ड्यातले क्लोराइड जिथल्या तिथे राहते. स्वच्छ सळईला त्याची गरज नाही, अस्वच्छ सळईला त्याचा उपयोग नाही.

मॉर्टर भरण्याआधी जुने काँक्रीट आतून पाणी प्यायलेले पण वरून कोरडे, चमक नसलेले हवे. बाँडिंग कोट (जुने काँक्रीट आणि नवे मॉर्टर जोडणारा लेप) लावला असेल तर तो चिकट असतानाच मॉर्टर चढवा. वाळलेला कोट जोडत नाही, उलट वेगळे करणारा थर बनतो. ओल येणाऱ्या जागी पांढऱ्या लाकूडगोंदाच्या जातीचा कोट वापरू नका, तो पाण्याने पुन्हा मऊ होतो. छताला मॉर्टर १० ते २० मिमीच्या थरांत, उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे चढवा. खोली ५० मिमीच्या पुढे असेल तर सेंटरिंग बांधून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे, पातळ वाहणारे काँक्रीट) ओतणे बरे. आणि जास्त ताकदीचे मॉर्टर म्हणजे जास्त चांगले, असे नाही. जुन्या काँक्रीटपेक्षा फार कडक आणि जास्त आकसणारा माल स्वतःची कड ओढून काढतो.

याच कारणांनी तुमच्या इपॉक्सीच्या विचाराला मी सरसकट हो म्हणणार नाही. इपॉक्सी मॉर्टर तापमानाने काँक्रीटपेक्षा बरेच जास्त फुगते-आकसते. ते सळईला अल्कली देत नाही, फक्त अडसर उभा करते. शिवाय ते विजेला अडवते, त्यामुळे खाली सांगितलेले जस्ताचे ॲनोड त्यात काम करू शकत नाहीत. रसायनांचा मारा असलेल्या जागी किंवा अगदी पातळ थराच्या दुरुस्तीत त्याची जागा आहे. गंजलेल्या स्लॅबच्या छतासाठी सिमेंटवर आधारित पॉलिमर मॉर्टरच बरे.

चाचणीत क्लोराइड निघाले तर ठिगळाच्या आतल्या कडेने सळयांना जस्ताचे छोटे ॲनोड बांधावेत. जस्त लोखंडाऐवजी स्वतः झिजते, म्हणजे जुन्या ॲनोडने शेजाऱ्याला जे संरक्षण दिले होते तेच पुन्हा उभे राहते. अंतर सळया किती दाट आहेत त्यावर ठरते, साधारण ३०० ते ६०० मिमी. तार घट्ट पिळली म्हणून काम झाले असे समजू नका. सळई त्या जागी चकचकीत घासलेली हवी आणि मीटरने मोजलेला रोध १ ओहमच्या आत हवा. शेजारच्या सळयाही एकमेकींशी विजेने जोडलेल्या आहेत का ते त्याच मीटरने पाहा. मॉर्टरचा विशिष्ट रोध, म्हणजे तो माल विजेला किती अडवतो याचे माप, १५,००० ओहम-सेंटिमीटरपेक्षा कमी असला पाहिजे, म्हणून माल घेण्याआधी उत्पादकाला हा आकडा विचारा. हे ॲनोड जस्त संपेपर्यंतच चालतात, जस्ताचे प्रमाण आणि ओल यांनुसार साधारण १० ते २० वर्षे. क्लोराइड पूर्ण स्लॅबभर असेल तर मात्र ठिगळांचा नाद सोडून, बाहेरून वीज देणारे कॅथोडिक संरक्षण की स्लॅबच नवा, हा हिशेब मांडावा लागतो.

क्लोराइड नसेल, फक्त कार्बोनेशन असेल, तर काम हलके आहे: बद्द वाजणारा सर्व भाग खडूच्या रेघेच्या बाहेरपर्यंत काढा, सळईमागे जागा करा, चांगले कव्हर मिळेल असे भरा, आणि मग बाष्प बाहेर सोडणारे पण कार्बन डायऑक्साइड अडवणारे कोटिंग पूर्ण स्लॅबला द्या, फक्त ठिगळाला नाही.

सध्याच्या नव्या तड्याचे काम सुरू होईपर्यंत त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा आणि मध्यावर रुंदी मोजून ठेवा. टोक खुणेच्या पुढे सरकले, किंवा ठोकल्यावर बद्द वाजणारा भाग वाढला, तर त्याखालची बसण्या-झोपण्याची जागा लगेच हलवा, आणि सुटलेली ढलपी खाली कोणी नसताना स्वतःहून पाडून घ्या. नवी दुरुस्ती झाल्यावरही दर सहा महिन्यांनी ठिगळाच्या कडेबाहेरचा फूटभर पट्टा हातोड्याने वाजवत राहा. गंज परत आलाच तर त्याची पहिली खबर त्याच पट्ट्यात लागेल.